गरिबांच्या आरोग्ययोजना आणि विम्याचा बाजार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात एखादी स्त्री उपाहारगृहात भांडी विसळण्याचे काम करते असे समजा. तासाला दहा डॉलर मजुरी, आठवड्याला चाळीस तास, वर्षाला बावन्न आठवडे. तिची वर्षाची कमाई २०,८०० डॉलर होते. २०२५ साली अमेरिकन सरकारने एकट्या माणसासाठी ठरविलेली दारिद्र्यरेषा १५,६५० डॉलरची होती. तिच्या १३८ टक्क्यांपर्यंत, म्हणजे सुमारे २१,६०० डॉलरपर्यंत, ज्याचे उत्पन्न आहे त्याला त्या राज्यात ‘मेडिकेड’ ही सरकारी योजना लागू होते. या स्त्रीला हप्ता भरावा लागत नाही. औषधाला किरकोळ पैसे पडतात. आता मालकाने तिची मजुरी अर्ध्या डॉलरने वाढविली. तिची कमाई २१,८४० डॉलरवर गेली. तिने रेषा ओलांडली. त्या अर्ध्या डॉलरने तिची मेडिकेड सुटते आणि ती विम्याच्या बाजारपेठेत जाऊन पडते. तेथे योजना दुसरी, ओळखपत्र दुसरे, आणि पुष्कळदा डॉक्टरही दुसरा. पुढच्या हंगामात उपाहारगृहाचा धंदा मंदावला आणि तिचे तास कमी झाले, की पुन्हा उलटा प्रवास.

हे एकट्या बाईचे गाऱ्हाणे नव्हे. बेंजामिन सॉमर्स आणि सारा रोझेनबॉम या दोन अभ्यासकांनी २०११ साली, म्हणजे बाजारपेठ उघडण्याच्या दोन वर्षे आधीच, असा अंदाज मांडला होता की दारिद्र्यरेषेच्या दुपटीच्या आत उत्पन्न असलेल्या प्रौढांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक लोक सहा महिन्यांत, आणि निम्मे म्हणजे २ कोटी ८० लाख लोक एका वर्षात, या रेषेच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातील. गरिबाचे उत्पन्न ही स्थिर वस्तू नाही. ते तासांवर, हंगामावर आणि मालकाच्या मर्जीवर हलते. कायदा मात्र ते स्थिर आहे असे धरून चालतो. मेडिकेडचा कारभार चालू महिन्याचे उत्पन्न पाहतो, तर बाजारपेठेतील अनुदान संपूर्ण वर्षाच्या अंदाजावर ठरते. अंदाज चुकला तर कर भरताना घेतलेले अनुदान परत करावे लागते. पूर्वी गरिबांच्या बाबतीत या परतफेडीला मर्यादा होती. २०२५ च्या कायद्याने २०२६ च्या करवर्षापासून तीही काढून टाकली.

हा प्रश्न येथे मांडण्याचे प्रयोजन पुढे येईलच. प्रथम ही व्यवस्था कशी उभी राहिली ते पाहिले पाहिजे.

सर्व नागरिकांसाठी राष्ट्रीय आरोग्यविमा असावा ही मागणी अध्यक्ष ट्रुमन यांनी १९४५ साली केली होती. डॉक्टरांच्या संघटनेने ‘समाजवादी वैद्यक’ असा कांगावा करून ती हाणून पाडली. वीस वर्षांनी, ३० जुलै १९६५ रोजी, अध्यक्ष जॉन्सन यांनी वृद्धांसाठी मेडिकेअर आणि दरिद्री लोकांसाठी मेडिकेड अशा दोन योजनांवर सही केली ती ट्रुमन यांच्याच गावी, त्यांच्या उपस्थितीत. परंतु त्यात एक मेख होती. मेडिकेअर ही केंद्राची आणि हक्काची योजना झाली; मेडिकेड मात्र राज्यांच्या इच्छेवर राहिली. ॲरिझोना राज्य तर १९८२ साली त्यात सामील झाले. गरिबांसाठी वेगळे दार केले की ते दार अरुंद राहते, याचा हा नमुना.

पुढे राज्यांनी मेडिकेडचा कारभार स्वतः न करता, प्रत्येक माणशी ठरावीक मासिक रक्कम देऊन तो योजना-संस्थांकडे सोपविण्याचा मार्ग धरला. आज मेडिकेडच्या लाभार्थ्यांपैकी चारांतले सुमारे तीन अशा संस्थांत आहेत. १९७० च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियात, गव्हर्नर रीगन यांच्या कारकिर्दीत, या पद्धतीचा पहिला मोठा प्रयोग झाला. त्यात घरोघर विक्रेते पाठवून, खोटी आश्वासने देऊन गरिबांची नावे नोंदविण्याचे प्रकार घडले. तेव्हापासून अशा योजनांच्या जाहिरातीवर आणि विक्रीवर कडक निर्बंध आले. म्हणजे या संस्थांना विकण्याची सवयच उरली नाही. सभासद राज्य पाठविते, दर राज्य ठरविते, पैसे राज्य देते.

या संस्था एका जातकुळीच्या नाहीत. काही सार्वजनिक रुग्णालयांच्या पोटी जन्मल्या. बोस्टन मेडिकल सेंटरची योजना ही त्यांपैकीच. काही लोकांच्या दवाखान्यांतून उगवल्या. बोस्टनच्या कोलंबिया पॉइंट वस्तीत १९६५ साली जॅक गायगर आणि काउंट गिब्सन या डॉक्टरांनी पहिले लोक-आरोग्यकेंद्र काढले. मिसिसिपीतील माउंड बायू येथे गायगर यांच्या केंद्राने कुपोषित मुलांना औषधाच्या चिठ्ठीवर अन्न लिहून दिले आणि त्याचे बिल केंद्राच्या औषधखात्यात टाकले. वरिष्ठांनी हरकत घेतली तेव्हा कुपोषणावर ग्रंथांत सांगितलेले औषध अन्न हेच आहे, असे उत्तर त्यांनी दिले. मॅसॅच्युसेट्समधील अशा आरोग्यकेंद्रांनी १९८६ साली ‘नेबरहुड हेल्थ प्लॅन’ ही स्वतःची योजना-संस्था काढली. लॉस एंजलिस परगण्यातील ‘एल. ए. केअर’ ही तर सरळ सार्वजनिक संस्था. तिचे सभासद वीस लाखांहून अधिक. आणि काही संस्था दवाखान्यापासून निघून शेअरबाजारात पोहोचल्या. लाँग बीच येथील डॉ. सी. डेव्हिड मोलिना यांनी १९८० साली गरिबांसाठी दवाखाना काढला, कारण नेहमीचा डॉक्टर नसल्यामुळे साध्या आजाराचे रुग्ण तातडीच्या विभागात येऊन बसत. ती संस्था २००३ साली शेअरबाजारात उतरली. मिलवॉकीत एलिझाबेथ ब्रिन या रुग्णालयातील हिशेबनीस बाईंनी १९८४ मध्ये विनानफ्याची योजना काढली. तीच आजची ‘सेंटीन’ ही महाकाय कंपनी. उगम एकच, पण प्रवाह कोठे गेला हे पाहण्यासारखे आहे.

अशा परिस्थितीत २३ मार्च २०१० रोजी ओबामांचा आरोग्यविमा कायदा झाला. त्याने दोन गोष्टी करावयाच्या होत्या. दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंतच्या सर्व प्रौढांना मेडिकेड द्यावयाची, आणि त्याच्या वरच्या लोकांसाठी प्रत्येक राज्यात विमा-बाजारपेठ उघडून तेथे खासगी विमा घ्यावयास अनुदान द्यावयाचे. २८ जून २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पहिली गोष्ट राज्यांच्या मर्जीवर सोडली. टेक्सास, फ्लॉरिडा, जॉर्जिया अशा राज्यांनी ती नाकारली, आणि तेथे एक विलक्षण वर्ग निर्माण झाला: मेडिकेड मिळण्याइतका दरिद्री नव्हे, आणि बाजारपेठेतील अनुदान मिळण्याइतका सुखवस्तूही नव्हे. दारिद्र्यरेषेच्या खाली असल्यामुळे अनुदान नाही, असा हा न्याय!

१ ऑक्टोबर २०१३ रोजी बाजारपेठा उघडल्या. तेथे माल चार धातूंच्या नावांनी मांडला आहे. कांस्य योजना सरासरीने खर्चाचा ६० टक्के भाग उचलते, रौप्य ७०, सुवर्ण ८० आणि प्लॅटिनम ९०. दारिद्र्यरेषेच्या अडीचपटीपर्यंतच्या लोकांनी रौप्य योजना घेतली तर त्यांचा स्वतःचा खर्च आणखी कमी केला जातो. दीडपटीच्या आतील माणसाला तीच योजना ९४ टक्के भार उचलणारी होते. कागदावर हे चांगले आहे. पण भांडी विसळणाऱ्या बाईला हप्ता कमी दिसतो म्हणून ती कांस्य योजना निवडते आणि ९४ टक्क्यांचा लाभ गमावून बसते. आजारी पडल्यावर कळते की विमा चालू होण्याआधी हजारो डॉलर स्वतः सोसावयाचे आहेत. शिकलेल्या माणसालाही जे कोष्टक समजायला वेळ लागतो त्यातून तिने वर्षातून एकदा शहाणपणाने खरेदी करावी, अशी बाजाराची अपेक्षा असते.

आता मूळ मुद्दा. ज्या संस्था आजवर फक्त मेडिकेडच्या लोकांची काळजी वाहत होत्या, त्यांनी या बाजारपेठेत उतरावे की नाही? उतरायचे तर कशाच्या बळावर?

न उतरण्याच्या बाजूने जे म्हणणे होते ते हलके नव्हते. या संस्थांजवळ विकण्याची यंत्रणा नव्हती, विमागणिती नव्हते, राज्याच्या विमा-कायद्याप्रमाणे लागणारी गंगाजळी नव्हती. मेडिकेडमध्ये दर राज्य ठरविते. बाजारपेठेत दर आधी स्वतः ठरवायचा आणि चुकला तर वर्षभर सोसायचा. मेडिकेडमध्ये कोणाकडून हप्ता घ्यावा लागत नाही. बाजारपेठेत दरमहा वसुली. शिवाय तात्त्विक आक्षेप वेगळाच: ज्यांना सर्वांसाठी एकच सार्वजनिक विमा हवा आहे त्यांनी बाजाराला आपले अंग का द्यावे? हा आक्षेप आपल्या चळवळीला अपरिचित नाही. पतपेढ्या काढणाऱ्या कार्यकर्त्यांनाही एकेकाळी हेच विचारले जात असे. सावकार उठेपर्यंत कर्जदाराने कोणाच्या दारात उभे राहायचे, याचे उत्तर विचारणाऱ्यांकडे नसे.

उतरण्याच्या बाजूचे खरे कारण त्या रेषेवर हेलकावणारी माणसेच होती. एकच संस्था रेषेच्या दोन्ही बाजूंना असली तर मजुरी वाढलेल्या बाईची योजना बदलली तरी दवाखाना, डॉक्टर, औषधाची चिठ्ठी आणि गर्भारपणाची तपासणी तीच राहते. कुटुंबातही अशी फाटाफूट होते. मुलांना मेडिकेड किंवा बालकांची योजना आणि आईवडिलांना बाजारपेठ, म्हणजे एका घरात तीन ओळखपत्रे. संस्था एक असेल तर निदान दारात जाण्याचा रस्ता एक.

मॅसॅच्युसेट्स राज्याने हे आधीच करून दाखविले होते. तेथे एप्रिल २००६ मध्ये जो कायदा झाला त्याखाली दारिद्र्यरेषेच्या तिपटीपर्यंतच्या लोकांसाठी अनुदानित योजना आली, आणि पहिली सुमारे तीन वर्षे ती चालविण्याचा अधिकार फक्त मेडिकेड सांभाळणाऱ्या चार संस्थांना दिला. बड्या कंपन्यांना दार बंद होते. सार्वजनिक रुग्णालयांना आणि आरोग्यकेंद्रांना आपले रुग्ण टिकविता आले आणि नव्या कामाचे धडे घेता आले. ज्या बाजारात कमजोराने उतरायचे आहे त्यात त्याला आधी आडोसा द्यावा लागतो, ही साधी गोष्ट त्या राज्याने ओळखली. केंद्राच्या कायद्याने असा आडोसा सर्वत्र दिला नाही.

या संस्थांनी बाजारपेठेशी जुळवून घेतले ते पहिल्या प्रथम पैशाच्या बारीक गोष्टींत. गरिबांपैकी पुष्कळांचे बँकेत खाते नाही. विमा कंपन्यांना बँकेतून परस्पर हप्ता कापण्याची सवय. म्हणून मनीऑर्डर, धनादेश, आधी पैसे भरून घ्यावयाचे कार्ड, या सर्व मार्गांनी हप्ता स्वीकारलाच पाहिजे असा नियम केंद्राला करावा लागला. हप्ता थकला तर अनुदान घेणाऱ्याला, त्याने एक महिन्याचा हप्ता भरलेला असल्यास, नव्वद दिवसांची सवलत आहे. परंतु पहिल्या तीस दिवसांनंतरचे दावे अडकवून ठेवता येतात. म्हणजे दवाखान्याला पैसे मिळतील की नाही हे नव्वदाव्या दिवसापर्यंत कळत नाही. दहा डॉलरचा हप्ता चुकल्यामुळे हजारो डॉलरचे उपचार अधांतरी राहतात. चांगल्या संस्थेचे काम येथे दिसते. तिचा माणूस पंधराव्या दिवशी घरी फोन करतो, त्या माणसाच्या भाषेत बोलतो, आणि बिलाच्या जागी समजेल असा कागद पाठवितो. वसुलीचे खाते उभारताना सावकारी पद्धत घ्यायची की सहकारी, हा निर्णय संस्थेचा असतो.

दुसरी गोष्ट डॉक्टर आणि रुग्णालयांच्या जाळ्याची. मेडिकेड रुग्णालयाला मेडिकेअरपेक्षा कमी दर देते, आणि खासगी विमा त्या दोघांपेक्षा पुष्कळ जास्त. मेडिकेडच्या संस्थांनी बाजारपेठेत उतरताना आपल्या ओळखीचीच सार्वजनिक रुग्णालये आणि आरोग्यकेंद्रे घेतली, नामांकित महागडी रुग्णालये सोडली, आणि हप्ता खाली आणला. बाजारपेठेतील अनुदान दुसऱ्या क्रमांकाच्या स्वस्त रौप्य योजनेवर ठरत असल्याने ज्याचा हप्ता खाली त्याच्याकडे गरीब ग्राहक येणार. युनायटेड हेल्थने २०१७ साठी बहुतेक राज्यांतून पाय काढला. ह्युमाना आणि एटना २०१८ साठी बाहेर पडल्या. गरिबांचा अनुभव असलेल्या संस्था मात्र टिकल्या. एटना २०२२ मध्ये परत आली आणि २०२६ साठी पुन्हा गेली. व्यापाऱ्याचे येणे-जाणे असेच असते. मोसम पाहून तो दुकान लावतो.

परंतु अरुंद जाळे हे दुधारी शस्त्र आहे. रुग्णाला जवळचा, त्याची भाषा जाणणारा डॉक्टर मिळतो तोवर जाळे अरुंद असले तरी बिघडत नाही. कर्करोगाचा तज्ज्ञ ऐंशी मैलांवर असेल तर स्वस्त हप्ता ही फसवणूक ठरते. आणि नफ्याच्या संस्थेला जाळे आणखी एका कारणासाठी अरुंद ठेवावेसे वाटते: महागड्या रोगांचा तज्ज्ञ यादीतच नसला की ते रोगी आपल्याकडे फिरकत नाहीत. दोन्ही जाळी बाहेरून सारखीच दिसतात. फरक कळतो तो तक्रारींच्या वहीवरून आणि वाट पाहण्याच्या दिवसांवरून. म्हणून ती वही लोकांपुढे उघडी असली पाहिजे. संस्था सार्वजनिक असली की आपोआप सुधारते असेही नाही. एल. ए. केअरच्या सभा उघड्या असतात, लोकांच्या सल्लागार समित्या आहेत. तरी उपचारांच्या मंजुरीत आणि तक्रारींच्या निकालात झालेल्या दिरंगाईबद्दल कॅलिफोर्निया राज्याने मार्च २०२२ मध्ये तिला साडेपाच कोटी डॉलर दंड केला. सार्वजनिक मालकीवर विश्वास असणाऱ्यांनी हा आकडा लपविण्याचे कारण नाही. सार्वजनिक संस्थेला जाब विचारता येतो आणि तो विचारला गेला.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण, आणि वर्तमानपत्रांत तिची चर्चा क्वचितच होते. आजारी माणसाला विमा नाकारता येणार नाही असा कायदा केल्यावर, ज्या योजनेकडे आजारी लोक अधिक जातील ती बुडेल. म्हणून निरोगी ग्राहक असलेल्या योजनांकडून पैसे घेऊन आजारी ग्राहक असलेल्या योजनांना देण्याची तजवीज केली. तिला जोखीम-समायोजन म्हणतात. तत्त्व निर्दोष आहे. ते समाजवादीच आहे म्हणा ना! परंतु आजार मोजायचा कसा? डॉक्टरने कागदावर लिहिलेल्या निदानाच्या संकेतांकावरून. बड्या कंपनीकडे हे संकेतांक शोधून भरणारी फौज असते. वस्तीतील आरोग्यकेंद्रात डॉक्टर रक्तदाब पाहतो, घराचे भाडे थकले आहे का विचारतो, आणि कागद अर्धा भरून पुढच्या रुग्णाकडे वळतो. ज्याला आयुष्यात प्रथमच विमा मिळाला त्याची जुनी कागदपत्रेही नसतात. परिणाम असा की गरिबांची योजना कागदावर ‘निरोगी’ ठरते आणि तिलाच पैसे भरावे लागतात. त्यात आणखी भर म्हणजे ही रक्कम संपूर्ण राज्यातील सरासरी हप्त्यावरून काढली जाते. ज्याचा हप्ता सरासरीहून कमी त्याच्या खिशातून जाणारी रक्कम मात्र महागड्यांच्या मापाने! न्यू मेक्सिकोतील एका सहकारी विमा संस्थेने याविरुद्ध दावा लावला. २०१८ मध्ये खालच्या न्यायालयात ती जिंकली आणि डिसेंबर २०१९ मध्ये वरच्या न्यायालयात हरली.

तेव्हा आपल्या डॉक्टरांकडून निदान पूर्ण लिहवून घेणे, ही या संस्थांच्या दृष्टीने जगण्याची अट झाली. यात रुग्णसेवा किती आणि कारकुनी किती, हा प्रश्न उरतोच. पण कारकुनी टाळली तर गरिबांचा पैसा श्रीमंत कंपनीकडे वाहतो, हे कळल्यावर ती टाळता येत नाही. आणि ती करूनही निर्धास्त राहता येत नाही. जुलै २०२५ मध्ये सेंटीनसारख्या बलाढ्य कंपनीला आपले त्या वर्षीच्या कमाईचे अंदाज मागे घ्यावे लागले, कारण बाजारपेठेतील लोक अपेक्षेपेक्षा अधिक आजारी निघाले. जे तिला परवडले ते एखाद्या लहान संस्थेला गिळून टाकील.

लहानांचे काय होते याचा दाखला सहकारी विमा संस्थांनी दिला आहे. २०१० च्या कायद्याने खासगी कंपन्यांना पर्याय म्हणून सभासदांच्या मालकीच्या विमा संस्थांना कर्ज दिले. अशा २३ संस्था उभ्या राहिल्या. पहिल्या तीन वर्षांत अंदाज चुकल्यास तोटा वाटून घेण्याची हमी सरकारने दिली होती. मग विरोधकांनी संसदेत त्यासाठीचा पैसाच अडविला. २०१४ सालच्या तोट्यापोटी शंभर डॉलर येणे असताना १२ डॉलर ६० सेंट हाती पडले. बहुतेक सहकारी संस्था बंद पडल्या. २७ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने सांगितले की सरकारने शब्द पाळलाच पाहिजे. देणे सुमारे १२ अब्ज डॉलरचे होते. न्याय झाला, पण तो घ्यायला बहुतेक वारस उरले नव्हते.

ज्या तगल्या त्यांचेही रूप बदलले. आरोग्यकेंद्रांनी काढलेली नेबरहुड हेल्थ प्लॅन २०१२ मध्ये एका बड्या रुग्णालय-समूहाच्या हाती गेली. केंब्रिजच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतून जन्मलेली ‘नेटवर्क हेल्थ’ २०११ मध्ये एका मोठ्या विमा संस्थेने घेतली. मोलिना कंपनीच्या संचालक मंडळाने तर मे २०१७ मध्ये संस्थापकाच्या दोन्ही मुलांना प्रमुखपदांवरून काढले, कारण नफा अपेक्षेइतका नव्हता. आपल्याकडील सहकारी साखर कारखान्यांची कहाणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. जुळवून घेणे आणि विरघळून जाणे यांतली सीमा हिशेबाच्या वहीत दिसत नाही. गंगाजळी कोणाच्या नावावर आहे, मंडळावर कोण बसते, आणि संस्था विकण्याचा अधिकार कोणाला आहे, एवढ्या तीन प्रश्नांत ती सापडते. बाजारपेठेत उतरण्यापूर्वीच हे तिन्ही प्रश्न घटनेत बांधून ठेवायला हवे होते.

मग बाजारपेठेशिवाय दुसरी वाट होती का? होती, आणि त्याच कायद्यात होती. दारिद्र्यरेषेच्या दुपटीपर्यंतच्या लोकांना बाजारपेठेत पाठविण्याऐवजी राज्याने स्वतःची मूलभूत योजना चालवावी, केंद्र त्यांच्या अनुदानाच्या ९५ टक्के रक्कम राज्याला देईल, असे एक कलम त्यात आहे. मिनेसोटा आणि न्यू यॉर्क या दोन राज्यांनी ते प्रथम वापरले, २०२४ पासून ऑरेगनने. न्यू यॉर्कच्या योजनेत हप्ता नाही आणि आधी सोसावयाची रक्कमही नाही. ती चालविणाऱ्यांत मेडिकेडच्याच संस्था आहेत. ९५ टक्के पैशात हे जमते, याचा अर्थ १०० टक्के पैशात बाजार जे देतो ते किती तोकडे आहे, हे उघड आहे. २०२४ मध्ये त्या राज्याने मर्यादा अडीचपटीपर्यंत नेली. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने स्थलांतरितांसाठीचा पैसा कापल्यावर सप्टेंबर २०२५ मध्ये ती पुन्हा दुपटीवर आणण्याचा प्रस्ताव राज्याला मांडावा लागला.

भारतातील कामगार कार्यकर्त्यांनी यात आपली ओळखीची जागा शोधावी. कर्मचारी राज्य विमा योजनेची मजुरीची मर्यादा जानेवारी २०१७ पासून दरमहा २१,००० रुपये झाली. करारात पगारवाढ मिळाली आणि ही रेषा ओलांडली, की वर्गणीची सहामाही संपताच कामगार योजनेबाहेर पडतो. त्याच्या वृद्ध आईची औषधे बंद होतात. पेनसिल्व्हेनियातील अर्धा डॉलर तो हाच. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतही अनेक वर्षे शिधापत्रिकेचा रंग दार उघडत किंवा बंद करीत असे. २०२३ च्या शासननिर्णयाने ती सर्वांसाठी खुली केली आणि संरक्षण पाच लाखांवर नेले हे बरेच झाले, परंतु ती रुग्णालयातील ठरावीक उपचारांची योजना आहे. रोजच्या गोळीचा खर्च घरावरच राहतो. आणि २०२४ साली भारतीय विमा नियामकाने ‘बीमा सुगम’ या विद्युत विमा-बाजारपेठेचे नियमही केले आहेत. बाजारपेठ येणारच असेल तर तीत कामगारांच्या, पतपेढ्यांच्या, सहकारी रुग्णालयांच्या योजनांना मॅसॅच्युसेट्ससारखा आडोसा मिळणार की नाही, हे आताच विचारले पाहिजे. दुकाने थाटून झाल्यावर जागा मागणे व्यर्थ आहे.

अमेरिकेतील संस्थांपुढचा काळ मात्र सोपा नाही. महामारीच्या काळात मेडिकेडमधून कोणाला काढायचे नाही असा नियम होता. तो ३१ मार्च २०२३ रोजी संपल्यावर अडीच कोटींहून अधिक लोकांची नावे कमी झाली, आणि त्यांतील बहुसंख्य अपात्र ठरले म्हणून नव्हे, तर कागद वेळेवर पोहोचला नाही म्हणून. त्या वेळी बाजारपेठेतील वाढीव अनुदान चालू होते. दारिद्र्यरेषेच्या दीडपटीपर्यंत रौप्य योजनेचा हप्ता शून्यावर आला होता. त्यामुळे सुटलेल्यांपैकी अनेकांना पलीकडच्या काठावर जागा मिळाली, आणि २०२५ साठी बाजारपेठेतील नोंदणी सुमारे २ कोटी ४० लाखांवर गेली. ते वाढीव अनुदान ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपले. त्यासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये ४३ दिवस सरकारी कारभार ठप्प झाला होता, तरी ते वाचले नाही.

आता ४ जुलै २०२५ च्या कायद्याप्रमाणे, मेडिकेडचा विस्तार ज्यांच्यासाठी झाला त्या प्रौढांना १ जानेवारी २०२७ पर्यंत महिन्याला ८० तासांचे काम किंवा तत्सम सेवा दाखवावी लागणार आहे, आणि दर सहा महिन्यांनी पात्रता पुन्हा सिद्ध करावयाची आहे. आर्कान्सा राज्याने २०१८ मध्ये हा प्रयोग केला तेव्हा काही महिन्यांत १८,००० हून अधिक लोक बाहेर फेकले गेले. नंतरच्या अभ्यासात आढळले की ज्यांना ही अट लागू होती त्यांतील ९५ टक्के लोक काम तरी करीत होते किंवा सूट मिळण्यास पात्र तरी होते. त्यांना कागदाने हरविले. नव्या कायद्यात आणखी एक कलम आहे: या अटीवरून मेडिकेड गेलेल्याला बाजारपेठेतील अनुदानही मिळणार नाही. म्हणजे दोन काठांना जोडणारा जो पूल गरिबांच्या संस्थांनी बारा वर्षे खपून बांधला, त्याच्यावर या माणसांना पाऊलच ठेवता येणार नाही.

ज्या संस्था आजवर हप्त्याची आठवण करून देण्यासाठी फोन करीत होत्या त्यांना आता तासांची आठवण करून द्यावी लागेल. सभासदांच्या मजुरीच्या चिठ्ठ्या गोळा करणे, आजाऱ्याच्या सुटीचा दाखला डॉक्टरकडून मिळविणे, संगणकावर तो चढविणे, आणि ज्याच्याजवळ संगणक नाही त्याच्या घरी माणूस पाठविणे, ही कामे आरोग्यकेंद्रांच्या आणि कामगार संघटनांच्या मदतीने त्यांना डिसेंबर २०२६ च्या आत उभी करावयाची आहेत. भांडी विसळणाऱ्या बाईचा मालक मजुरी रोख देतो आणि चिठ्ठी देत नाही. तिच्या तासांचा साक्षीदार कोण, हे त्यांना प्रथम शोधावे लागेल.